अयोध्याबाईचा उजवा हात

भूमच्या बाहेर अयोध्याबाईची खव्याची भट्टी. लग्न होऊन आली तशी कढईपुढंच उभी. आपला खवा कधी करपत नाही, हे तीच सगळ्यांना ऐकवायची. गेल्या महिन्यात उकळती कढई कलंडली, बाईनं उजव्या हातानं सावरली, नि तळहाताचं कातडंच गेलं.

सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी जखमेवर नव्या तऱ्हेचं पातळ अस्तर बसवलं. "हे अंगाच्या उबेला चिकटून राहतं, गार झालं की सुटतं. खाली कोवळं कातडं धरतंय. शनिवारी मीच गार पाण्यानं काढीन. आधी सुटलं तर कातडं फाटेल, बोटं आखडतील." बाईला एकच घोर लागला. बोटं आखडली तर उलथणं धरणार कशी?

शुक्रवारी तिचा नवरा बब्रुवान एकटाच कढई ढवळत होता. खवा बुडाला लागायला आला, तशी बाईला राहवेना. उकाड्यानं तिनं हातावरचं फडकं आधीच सोडलेलं. "सरका तिकडं, वाटोळं कराल!" म्हणत ती पुढं झाली. गरम खव्याला हात लावायचा तर तो आधी गार पाण्यात बुडवायचा, ही जन्माची सवय. शेजारी पाण्याचं घमेलं होतंच. गेला की हो उजवा हात आत!

अस्तराची करंगळीकडची कड सुटून वर आली.

"अवो, सुटलं! माजा हात गेला!"

बब्रुवान अस्तर दाबायला धावला. "हात लावू नका!" ती किंचाळली. ऊब द्यायला हात भट्टीजवळ न्यावा तर पुन्हा भाजायचा. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "स्वच्छ फडकं गुंडाळा, अंगाशी धरा आणि आत्ताच निघा." बब्रुवाननं सदऱ्याची बटणं काढली, तिचा हात पोटाशी घेतला, आणि दोघं तसेच एसटीत चढले.

भर गर्दीत नवऱ्याच्या सदऱ्यात हात! चारचौघांत नवऱ्याशेजारी कधी न बसलेली ही बाई.

"काका, ह्या वयात?" कंडक्टर हसला.

"तिकीट फाड गुमान!" बब्रुवान खेकसला.

बाईला लाज कुठली सुचतेय! बार्शी आली, गेली. बोटं आहेत की नाहीत, तेच तिला कळेना. ती नुसती रडत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडून कड बघितली. मग म्हणाल्या, "आता थांबण्यात अर्थ नाही," आणि गार पाण्याची धार सोडली. अस्तर निघालं. खाली गुलाबी कातडं होतं, करंगळीपाशी मात्र लाल मांस उघडं पडलेलं.

"बाई, यजमानांचं बोट धरा. हळूहळू दाबा."

करंगळी हललीसुद्धा नाही. बाकीची बोटं थरथरली, वळली, आणि घट्ट मिटली.

"अगं, सोड की! मोडशील!" बब्रुवान ओरडला.

"न्हाय सोडत," अयोध्याबाई म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.