अंगणातून पेटवलेली शेगडी

आमच्या गावात गोबर गॅसचा प्रचार करणारे आम्ही दोघंच होतो. मी आणि एक शिंपी. शेलूबाजारच्या रस्त्यावरचं लहानसं गाव. मंगरूळपीरला चार दिवसांचं शिबिर झालं, तिथे टाकी कशी बांधायची, शेण किती पातळ कालवायचं, नळी कशी टाकायची हे आम्हाला शिकवलं. शिंपी जेवण चांगलं मिळतं म्हणून आला होता आणि तसं सांगतही होता. मी मात्र सगळं वहीत उतरवून घेतलं.

अडचण अशी, की आमच्या बौद्ध वस्तीत टाकीला पुरेल इतकं शेण कुणाच्याच घरी नव्हतं. ज्यांच्या गोठ्यात गुरं होती, त्यांच्याच दारी मला जावं लागणार होतं.

महिनाभर आम्ही घरोघर हिंडलो. एकाने आम्हाला पाहून दार लावून घेतलं. एक म्हातारा म्हणाला, "शेणाच्या वाफेवर शिजोलेलं खाऊ काय आमी?" दुसऱ्याने शिंप्याला खाटेवर बसवलं आणि माझ्याकडे बोट करून विचारलं, "आता हे आमाले सयपाक शिकोतीन काय?" शिंपी हसला. मी हसलो नाही.

शेवटी वरच्या आळीतला एक शेतकरी तयार झाला. त्याच्याकडे आठ-दहा गुरं होती, आणि धुराने त्याच्या बायकोचे डोळे बाराही महिने लाल असायचे. पण त्याने अट घातली. "खड्डा खंद, टाकी बांध, शेण कालव. पण ओट्यावर पाय ठेवजो नोको. घरात म्हातारी माय हाय."

मी हो म्हणालो. का म्हणालो, याचा राग मला आजही येतो.

खड्डा मी खणला. गवंड्याच्या हाताखाली विटा दिल्या. टाकी बांधून झाल्यावर मांडीपर्यंत शेणात उभा राहून काला केला. माझ्या शेणाच्या हातांचा त्या घराला विटाळ नव्हता, धुतलेल्या पायांचा होता. पंधरा-वीस दिवसांनी गॅस धरला, तेव्हा शेगडी पेटवायला शिंपी आत गेला आणि मी अंगणात उभा राहिलो. अर्धं गाव कुंपणाबाहेर जमलं होतं, फजिती बघायला.

शेगडी पेटेना. आतून शिंपी ओरडला, "काडी इझून राह्यली गा!"

"सुरुवातीचा गॅस बाहेर सोडून दे!" मी अंगणातून ओरडलो. "तोटी उघडी ठेव. मंग काडी लाव."

टाकी फुटेल या भीतीने शिंपी बाहेरच पळाला. कुंपणाबाहेर हशा पिकला. म्हातारी उंबऱ्यात बसली होती, माझ्याकडे बघत. मी पुढे सरकलो, तर म्हणाली, "तेथीच राह्य."

तेव्हा आतून शेतकऱ्याच्या बायकोचा आवाज आला, "भाऊ, आता काय करू?"

मी एकेक सांगत गेलो, ती करत गेली. शेवटी आत फस्स आवाज झाला आणि ती म्हणाली, "पेटली! निळी निळी हाय!" ती ज्योत मी पाहिलीच नाही. थोड्या वेळाने तिच्यावर केलेला चहा बाहेर आला. शिंप्याला कपात. मला कान तुटलेल्या कपात, वरून ओतून. मी तो कप तसाच जमिनीवर ठेवला आणि निघालो.

वाटेत शिंप्याला म्हणालो, "तू तं बोलाचं होतं एक शब्द."

"मी काय बोलू? मले त्याइचेच कपडे शिवा लागतेत," तो म्हणाला.

हिवाळ्यात शेगडी बंद पडली. शेतकऱ्याने पारावर सांगितलं, की नको त्याचा हात लागला म्हणून असं झालं. आणि वर मलाच निरोप धाडला, येऊन पाहून जा. मी उलट निरोप दिला, "ओट्यावरून आत येईन, नाहीतर येणार नाही." नळीत पाणी साचलं असणार, हे मला घरबसल्या कळलं होतं. तरी मी गेलो नाही. त्या घरात पुन्हा धूर निघायला लागला. मला बरं वाटलं, हे खोटं का सांगू.

आठ दिवसांनी ती बाई आमच्या वस्तीत आली. दुपारी, सगळ्यांच्या देखत. डोळे पुन्हा सुजले होते. माझ्या आईने पाणी दिलं, ते तिने घेतलं.

"तुमचं भांडण तुमी पाहा," ती मला म्हणाली. "माहे डोये कायले त्यात? मले सांगा, म्या करतो."

मी अंगणातल्या मातीत काडीने नळी रेखून दाखवली. तोटी कुठे बंद करायची, नळी कुठे सोडवायची, पाणी कसं काढून टाकायचं. तिने दोनदा म्हणून दाखवलं आणि गेली. संध्याकाळी तिची शेगडी पेटली. वस्तीत आली म्हणून नवऱ्याने तिला बदडल्याचंही दुसऱ्या दिवशी कानावर आलं.

पुढच्या वर्षी वरच्या आळीत आणखी दोन टाक्या झाल्या. त्या घरांनी शिंप्याला बोलावलं, आणि शिंप्याला काही येत नव्हतं म्हणून त्या बाईला. मला कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं, तरी मी गेलो नसतो.