आकाशातल्या जहाजाचा सौदा

बारामतीच्या बैलबाजारात दलाली करणारे आबा कशाचेही वय दातांवरून ठरवायचे. मासिकातल्या गोष्टीतल्या, चंद्रापलीकडे लढणाऱ्या जहाजाचेसुद्धा. त्यांना वाचता येत नसे. दवाखान्यातले कंपाउंडर चहाच्या दुकानात त्यांना मोठ्याने वाचून दाखवत.

"चार तोफा म्हंजी चार दात. खोंड हाय अजून. विनाशिका कसली?"

"आबा, जहाज लांबीवर ठरतं. मासिकात विनाशिका, म्हणजे मोठी युद्धनौका, लिहिलंय. विनाशिका म्हणा, तरच पुढं वाचतो," म्हणत कंपाउंडरांनी मासिक मिटले.

गोष्टीत जहाज शत्रूच्या वेढ्यात अडकलेले. आबांनी चहाचा कप बाजूला सारला. मी पडलो गावचा पुढारी; निर्णय नेहमी जनतेसमोर व्हावा, हे माझे ठाम मत. जहाजाला काय म्हणायचे यावर मी हात वर करून मतदान घ्यायला सुचवले.

"मतं कशाला? हात आना हिकडं," म्हणत आबांनी कंपाउंडरांचा हात धरला आणि बैलाचा भाव ठरवताना टाकतात तसे वर उपरणे टाकले. आत बोटे दाबली गेली. कंपाउंडर दचकले, त्यांनी नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोटे दाबली गेली आणि दोघेही हसले.

"ठरलं काय?" मी ओरडलो. "लोकांना कळलं पाहिजे!"

"सौदा कुनी चारचौघांत सांगतं व्हय, फुडारी?"

मी निषेधाचे भाषण करायला उभा राहिलो. तेवढ्यात कंपाउंडरांनी मासिक उघडले, आणि जहाजाचे पुढे काय झाले ते ऐकायला मी पटकन खाली बसलो.