वाळूतल्या गाडीला बोटीचं तेल

गाडी वाचवायची की बाप, असा प्रश्न कुणाला पडू नये. मला पडला, आणि तोही ऐन डिसेंबरात, जेव्हा रत्नागिरीचा किनारा घाटावरच्या पाहुण्यांनी फुललेला असतो आणि प्रत्येकाला समुद्र बघायच्या आधी वाळूत चारचाकी गाडीवरून एक फेरी हवी असते.

बाबा आमच्या बंदरातले जुने तांडेल. म्हणजे बोटीवर शेवटचा शब्द त्यांचा. गुडघे गेले, बोट विकली आणि त्यांचा मुक्काम पडवीत हलला. सुरुवातीला ते तिथे बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक बोटीच्या चुका काढायचे. मग चुका काढणंही थांबलं. जेवण कमी झालं, दाढी वाढली. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना कायतरी काम दे गो, नायतर मी जातंय मुंबैला तुज्या मावशीकडं." आई कुठेही जाणार नव्हती. बाबांचं मात्र मला खरंच भय वाटायला लागलं होतं.

काम सापडलं ते राजापुरात. तिथल्या एका काजूवाल्याने मुलाच्या हौसेखातर एटीव्ही, म्हणजे वाळूत पळणारी तसली उघडी चारचाकी, घेतली होती. स्पोर्ट जातीची, रुंद टायरांची, मोटरसायकलसारखी चेनने मागची चाकं फिरवणारी. मुलगा गाडीसकट काजूच्या झाडावर गेला आणि बापाची हौस फिटली. गाडी टेम्पोत घालून हातखंब्यावरून घरी आणली, तेव्हा बाबा पडवीतून उठले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हिचा इंजान कोन बगनार?"

"तुम्ही," मी म्हटलं.

त्या दिवशी त्यांनी दाढी केली. आईने न सांगता शिरा केला.

पर्यटकांना फेरीला न्यायला मी, आणि गाडी राखायला बाबा, अशी वाटणी झाली. महिनाभर सगळं छान चाललं, म्हणजे मला तसं वाटलं. बोटीवर लोखंडाला एकच वैरी, खारं पाणी. त्यावर औषधही एकच, तेल. नांगराची साखळी, विंच, बिजागरी, जे दिसेल ते तेलात बुचकळायचं. बाबांनी गाडीलाही तोच धर्म लावला. रोज सकाळी काळं, वापरलेलं इंजिन ऑइल ते चेनला ब्रशने पाजायचे आणि वरून बोटाने ग्रीस थापायचे. गाडी वाळूत शिरली की किनाऱ्यावरची सगळी बारीक वाळू त्या तेलाला चिकटायची. संध्याकाळी चेन रव्यात घोळवलेल्या सुरमईसारखी दिसायची. फरक इतकाच, की सुरमई आपण खातो, आणि इथे चेन ज्या दातेरी चाकांवरून फिरते त्या स्प्रॉकेटचे दात खात होती.

शिवाय बाबा संध्याकाळी बोट धुवायच्या पंपाने मागच्या आसावर पाण्याचा असा फवारा मारायचे, की पलीकडच्या घरातली सुकत घातलेली बांगड्यांची चटई उचलावी लागायची. गाडी लख्ख व्हायची. आणि मग एक दिवस ती चालताना घुं घुं करायला लागली.

मी ती मिरजोळ्याला एमआयडीसीतल्या मेकॅनिककडे नेली. बाबा अर्थातच बरोबर आले. या मेकॅनिकला स्वतःच्या ज्ञानाबद्दल शंका म्हणून कधी शिवलेली नाही. त्याने मागचं बेअरिंग उघडलं, तर आतून ग्रीसऐवजी तांबडं पाणी आलं.

"ताई, ही गाडी चालवता की बुडवता?" तो म्हणाला. "बेअरिंगवर जोराचं पाणी मारायचं नाही, सील ओलांडून आत जातं. आणि वाळूत जाणारी चेन कोरडी हवी. रॉकेल आणि ब्रशने घासायची, पुसायची, वर मेणाचा स्प्रे मारायचा आणि सुकू द्यायचा. हे काय लोणचं घातलंय?"

"लोखंड सुका ठेवू?" बाबा म्हणाले. "खारा वारा दोन दिसात खाऊन टाकील त्याला. तुज्या वयापेक्षा जास्त वरसं माजे हात इंजनात हायत."

"काका, तुमच्या बोटीला टायर होते का?"

बेअरिंग बदलून झालं, पण त्या क्षणापासून बाबांनी त्याच्याशी अबोला धरला. दुसऱ्या दिवशी चेनला नेहमीपेक्षा दुप्पट तेल पडलं.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं की. सांगितलं असतं हो! पण गाडी काढून घेतली की माणूस पुन्हा पडवीत जाणार, हे मला दिसत होतं. म्हणून मी आडमार्ग धरले. तेलाचा डबा तांदळाच्या पिंपात लपवला. तो आईला सापडला आणि भाताला आठवडाभर गॅरेजचा वास आला. डबा फेकून दिला, तर बाबा जेटीवर गेले आणि जुन्या दोस्तांकडून कॅन भरून आणला. बोटीवाल्यांकडे जळकं तेल मागाल तेवढं मिळतं. "जित्याची खोड," आई म्हणाली आणि म्हणीचा उरलेला भाग अशुभ म्हणून गिळला.

मग तो कोल्हापूरचा पाहुणा आला. गॉगल नवा, छाती पुढे, एका हातात फोन. "एकदम पाण्यातनं घेऊ या," म्हणाला. मी मागून नको नको म्हणेपर्यंत त्याने हॅण्डलवरचा ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबला. वाळूने झिजून स्प्रॉकेटचे दात गळाच्या आकड्यांसारखे वाकले होते. त्यांच्यावरून चेन उडाली, आसाभोवती गुंडाळली आणि मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. गाडी ओल्या वाळूत रुतली आणि भरती तर लागलेलीच होती. पाहुणा फोन डोक्यावर धरून, "अवो, कुणीतरी या की!" असं ओरडत उभा राहिला. पाणी त्याच्या घोट्यापर्यंतच होतं.

बाबांनी किनाऱ्यावरून हाळी दिली. जाळी विणत बसलेली माणसं धावली, दोर आला, गाडीला गाठ बसली. बोट ओढतात तशी ओढायला सुरुवात झाली. बाबा बाजूला उभे राहून "हैशा!" म्हणायचे आणि सगळे एका दमात मागे रेलायचे. कित्येक महिन्यांनी मी त्यांचा तो आवाज ऐकला. गाडी वर आली तेव्हा ते मला तरुण दिसले, खरंच सांगते.

सगळे गाडीभोवती जमले. बाबांच्या बोटीवरचा जुना खलाशी उकिडवा बसला, चेनला बोट लावलं आणि बोटावरचा काळा, किरकिरता चिखल सगळ्यांना दाखवला. "तांडेल," तो हसत म्हणाला, "ह्यो काय शेणकाला केलास?"

लोक हसले. वाईट मनाने नव्हे, पण हसले. बाबा घरी गेले आणि पडवीत बसले.

मी गाडी पुन्हा मिरजोळ्याला नेली. नवी चेन, पुढचं-मागचं स्प्रॉकेट, सगळं एकदम बदललं, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन घातली तर तीही तशीच जाते. मेकॅनिकने जाताना बजावलं, "नवी चेन थोडी लांबते. आठवड्यातून एकदा किती सैल आहे ते बघा. पण गाडीवर माणूस बसवून बघा. रिकामी असताना ताणून ठेवलीत, तर माणूस बसल्यावर आणखी ताणते आणि पुन्हा बेअरिंगची वाट."

चेन मी आता स्वतः घासत होते. कोरडी, करकरीत. गाडी पहिल्यांदाच निरोगी होती आणि घरात मात्र मयत झाल्यासारखं वाटत होतं. बाबा ताटावर बसायचे आणि दोन घासांत उठायचे. समुद्राकडे पाठ करून बसायचे. चेन बघायची वेळ आली तेव्हा मी आईला गाडीवर बसवलं. पदर खोचून बसली बिचारी, पण ती बसली हे सीटला कळलंच नाही. शेवटी मी पडवीकडे गेले.

"बाबा, जरा गाडीवर येऊन बसा."

"कशाला?"

"वजनाला."

"मी काय नीरम हाय?" रिकामी बोट कलंडू नये म्हणून तळाशी दगड भरतात, ते नीरम.

माझं डोकं फिरलं. "हो, नीरमच! तुम्ही बसल्याशिवाय मला काही बघता येत नाही. असे दगडासारखे इथे बसण्यापेक्षा तिथे बसा, निदान उपयोग होईल!" बोलता बोलता माझा आवाज फाटला आणि मला रडू आलं. रागाचंच होतं, पण रडूच.

बाबा उठले. गुडघे धरत, कुरकुरत अंगणात आले. इतके महिने त्यांनी ही गाडी पुसली, माखली, धुतली, पण तिच्यावर कधी बसले नव्हते. आता बसले, हॅण्डल सुकाणूसारखं धरलं आणि समोर बघू लागले. मी खाली वाकून चेन दाबली.

"सैल हाय," वरून आवाज आला.

"बरोबर आहे. दोन बोटं हलायला हवी."

"कोनाची बोटं? तुजी का माजी?"

हे मेकॅनिकला विचारायचं माझ्याकडून राहिलंच होतं. बाबा कण्हत बाजूला वाकले आणि स्वतःच्या दोन बोटांनी चेन वरखाली करून पाहिली. मग बोटं डोळ्यांसमोर धरली. ती स्वच्छ होती. त्यांनी ती उगाचच लुंगीला पुसली.

"बरा हाय," ते म्हणाले. मग, माझ्याकडे न बघता, "परत कदी बगायची?"

"रोज," मी म्हटलं. "सकाळी, चहाच्या आधी."

"मग उटव मला," बाबा म्हणाले.