पोकळ घोड्याची किंमत

दर माझी बायको ठरवायची. मी लाकूड कापायचो, घडवायचो आणि गिऱ्हाईक आलं की घाबरायचो. हे आधीच सांगून टाकतो, कारण ती गेल्यापासून लोक येऊन माझ्या हाताचं कौतुक करतात आणि मला ते बसून ऐकवत नाही. हात वखारीत करवत ओढणाऱ्या बाकीच्यांनाही होते. त्यांच्या घरी ती नव्हती.

एकोणीसशे पन्नास साल उलटल्यानंतरची गोष्ट. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तंजावरला राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही राहायचो. वखारीचं काम नुकतंच सोडलं होतं आणि परसात ताडाच्या झावळ्यांचं छप्पर घालून देवांच्या मिरवणुकीची लाकडी वाहनं करायला घेतली होती. घेतली होती म्हणजे गिऱ्हाइकाची वाट बघत होतो. वखारीचा मालक म्हणाला होता, जमलं नाही तर ये परत, पण आता कमी मजुरीवर.

तेव्हा ओरत्तनाडूकडच्या एका गावचे चारजण बैलगाडीत मोठा ओंडका घालून आले. इलुप्पैचा, म्हणजे मोहाचा. तळ्याकाठचं झाड वादळात पडलं होतं. त्यातून त्यांना पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, मिरवणुकीचा घोडा हवा होता. जुन्याला कीड लागली होती.

मी म्हटलं, "तुमच्याकडे सुतार नाहीत?" धंदा करणाऱ्यानं असं विचारू नये, पण विचारलं.

"आहेत की. पण घोडा म्हटला की मराठा," त्यांचा पुढारी म्हणाला. मोठा शेतकरी, कानात लाल खड्यांची कुडी. "रावजी, तुमचे वाडवडील घोड्यावर बसून इथं आले. तुम्हाला घोडा काय सांगायचा?"

मी जन्मात घोड्यावर बसलो नव्हतो. बाप बसला नव्हता. आजा राजवाड्यात पाणी भरायचा. तरी मी मान हलवली.

तेव्हा दर उंचीवर असायचा. जमिनीपासून कानापर्यंत किती हात, त्यावर पैसे. मी तोंड उघडणार, तोच ती दाराआडून बोलली, "उचलणार किती जण?"

"आठजण, अम्मा."

"आणि फिरणार कुठवर?"

"चार गल्ल्या, मग तळ्याला वळसा."

"जुन्या घोड्यानं खांदे शाबूत ठेवले का?"

ते एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्यातल्या एका तरण्या गड्यानं उपरणं बाजूला केलं. खांद्यावर लिंबाएवढी गाठ.

ती बाहेर आली. "मग आतून पोखरायला हवा. बाहेरून घडवायला जितके दिवस, तितकेच आतून. पैसे दुप्पट."

पुढारी मोठ्यानं हसला. "झाड आमचं. त्यातलं लाकूड तुम्ही काढून टाकणार आणि टाकल्याचे पैसे आम्ही द्यायचे? उलट तुम्हीच आम्हाला द्या. तुमच्याच चुलीत जाणार ना ते?"

"जाणार की. त्यावर भात शिजला की या जेवायला."

विड्याच्या पानावर थोडी आगाऊ रक्कम ठेवून ते उठले. दुप्पट देतो असं कोणी म्हटलं नाही, देत नाही असंही म्हटलं नाही. बाकीचं डोळे उघडायच्या आधी बघू, म्हणाले. आमच्या कामात डोळे शेवटी कोरतात. डोळे उघडले की ते देवाचं वाहन, मग त्याच्यासमोर घासाघीस करायची नाही.

गाडी वळताच मी तिच्यावर ओरडलो. "उंचीवर दर सांगितला असता तर पैसे पक्के होते! आता हे फिरले तर मी पुन्हा वखारीत."

"वखारीत जायचं तर जा," ती म्हणाली. "पण अर्ध्या पैशात पुरं काम करून जाऊ नका."

ओंडका कापायला दोघं लागतात आणि दुसरा माणूस ठेवायची ऐपत नव्हती. तिनं पदर खोचला आणि करवतीचं दुसरं टोक धरलं. शेजारची म्हातारी ओट्यावरून ओरडली, "बघा गं, राजवाड्याच्या गल्लीतल्या सुना आता करवत ओढायला लागल्या!" ही ओढता ओढता म्हणाली, "मामी, मला दम लागतोय. बोलायचं तेवढं तुम्ही बघा."

घोड्याचा चेहरा कुठून आणायचा? मी स्टेशनावर जाऊन टांग्याच्या घोड्यासमोर उभा राहायचो. टांगेवाला विचारायचा, कुठं जायचं? मी म्हणायचो, कुठंच नाही. तो मला वेडाच समजत असणार.

पोखरायचं काम पोटाकडून. माझा दंड जाड, मानेपर्यंत पोचेना. ती हात घालून भुसा काढायची, आतून बोटांनी चाचपायची, "इथं अजून जाड आहे" म्हणायची. मी म्हणायचो, पुरे, कोण बघतंय. ती म्हणायची, उचलणारा बघतो.

न्यायच्या दिवशी तेच चौघं आले. पुढाऱ्यानं घोड्याभोवती चक्कर मारली, थोबाड बघितलं आणि म्हणाला, "रावजी, हा युद्धावर निघालेला दिसत नाही. हा स्टेशनला निघालाय." सगळे हसले. मग त्यानं उंचीवर होणारे पैसे मोजून ठेवले. "पोकळीचे नाहीत. आत काय आहे ते देवालाही दिसत नाही."

मी पटाशी हातात घेऊन उभा. तेवढेच घेऊन डोळे उघडावेत, असं वाटत होतं. घरात तांदूळ संपत आला होता. तिनं माझ्या हातातून पटाशी काढून घेतली.

"अण्णा, ते उरलेलं लाकूड तुमचंच आहे," ती म्हणाली. ओंडक्याचा शेंड्याकडचा तुकडा कोपऱ्यात पडला होता, आकारानं घोड्याच्या निम्मा. "आधी ते गाडीत घाला."

चौघांनी तो उचलला. शिरा फुगल्या, कोणाच्या तरी आईचा उद्धार झाला, तुकडा कसाबसा गाडीत पडला.

"आता घोडा."

त्यांनी तेवढाच जोर लावला. घोडा असा भसकन वर आला की मागच्या माणसाची कमरेची वेष्टी सुटली आणि ती सावरायला त्यानं एक हात सोडला. तरी घोडा डगमगला नाही. गाठवाल्या गड्यानं त्याखाली खांदा दिला आणि तसाच उभा राहिला. पुढाऱ्याकडे बघून म्हणाला, "मामा, द्या."

पुढाऱ्यानं कमरेची पैशांची गाठ सोडली. सगळे पैसे नव्हते, बाकीचे त्यानं उत्सवाआधी भाताची पोती पाठवून फेडले. तिनं पटाशी माझ्या हाती दिली. मी डोळे उघडले.

वखारीत मी परत गेलो नाही. त्या घोड्यामागून पापनाशमपासून कामं आली. दर तीच सांगायची, आधी उचलणाऱ्यांची चौकशी करूनच. त्यावर आम्ही जन्मभर जेवलो. मी तिला कधी त्याबद्दल चांगलं बोललो नाही. आमच्यात बोलत नाहीत. म्हणून इथं लिहितो.

गेल्या वर्षी ती गेली. आजारानं अगदी वाळली होती. गल्लीत आता खांदा द्यायला माणसं कमी. कोणाकडून कळलं कोण जाणे, ओरत्तनाडूच्या बसनं एक म्हातारा आला, मला काही न विचारता पुढं झाला आणि खांदा दिला. तोच तो गाठवाला. वाटेत एकदाच म्हणाला, "अम्मांनी आमच्या खांद्यावर कधी ओझं ठेवलं नाही. आजही नाही."

 मी त्याच्या खांद्याकडे बघितलं. गाठ केव्हाच जिरली होती.