पाठीमागचा क्रूस

अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत माझ्या संशयाला पुरून उरलेला माणूस एकच, आमच्या ह्यांचे समुपदेशक. बाकी भाजीवाला म्हणू नका, बिल्डर म्हणू नका, सख्खी नणंद म्हणू नका, सगळ्यांना मी पहिल्या भेटीतच ओळखलं. ह्या गृहस्थांवर मात्र सहा महिने पाळत ठेवली आणि हाती काही म्हणजे काही लागलं नाही.

झालं असं, की बदलापूरला मांजर्लीत आमच्या तळमजल्यावर नदीचं पाणी शिरलं तेव्हा हे कारखान्यात होते आणि घरात मी एकटी. माळ्यावर चढून बसले, दुपारी शेजाऱ्यांनी बाहेर काढलं, संपलं. मला काही झालं नाही. झालं ते ह्यांना. आभाळ जरा भरून आलं की हे कामावर जायचेच नाहीत. मिक्सर कपाटावर, रेशनकार्ड बनियनच्या आत आणि स्वतः उंबऱ्यात, नदीकडे तोंड करून. खाडे इतके झाले की साहेबांनी शेवटचं बजावलं. डॉक्टर म्हणाले, नुसत्या गोळ्यांनी भागायचं नाही, कुणाशी तरी बोला. आणि पत्ता दिला तो अंबरनाथच्या एका चर्चमागच्या खोलीचा! म्हटलं, घ्या. नोकरी जाणार ती जाणार, वर धर्मही जाणार.

पहिल्याच दिवशी मी खोली नजरेखालून घातली. गृहस्थ ख्रिस्ती, आणि मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. तिथेच पाल चुकचुकली. पेशंटला गादीची खुर्ची आणि स्वतः डुगडुगत्या स्टुलावर. रडणाऱ्यांसाठी पांढऱ्या रुमालांची चळत, घरी धुऊन इस्त्री केलेली. ह्यांनी एक चुकून खिशात घालून आणला, तर मी तो चिमट्याने उचलून मिठाच्या पाण्यात बुडवला. मंतरलेला असला तर? परत दिला तेव्हा म्हणतात, "ताई, डाग फार छान गेला. काय घातलंत?" क्रूस मात्र कुठे दिसेना. शेवटी सापडला, पेशंटच्या खुर्चीच्या बरोब्बर मागच्या भिंतीवर. "हे काय सर, पाठीमागून?" मी कडाडले. "तो माझ्यासाठी आहे, ताई. लोकांचं ऐकताना मला अधूनमधून त्याच्याकडे बघावं लागतं. पेशंटने का बघायचा?" आता बोला!

हे घरी आले की माझी उलटतपासणी सुरू. "प्रार्थना घेतली?" "नाही गं." "येशूचं नाव?" "नाही. पाणी आलं तर आधी काय उचलाल, ते विचारलं." म्हणजे गडी चांगलाच मुरलेला! मीही कच्च्या गुरूची चेली नव्हे. प्रत्येक खेपेला उंबऱ्यातच ह्यांच्यावरून नारळ ओवाळून टाकायला लागले. ह्यांनी ते तिकडे सांगून टाकलं, तर सर म्हणाले, "त्याने बरं वाटतं ना? मग चालू ठेवा." माझंच हत्यार त्यांनी औषधात घेतलं!

हे सुधारतही होते. ढगाळ दिवशी आधी स्टेशनपर्यंत, मग अर्धा दिवस. आणि एक दिवस आभाळ काळं झालं तसे अर्ध्या वाटेतून परत आले आणि उंबऱ्यात बसले. दुसऱ्या दिवशी नाही गेले तर नोकरी गेलीच. मी तडक एकटी अंबरनाथ गाठलं. म्हटलं, "सर, तुमच्या देवाला काय सांगायचं ते सांगून टाका एकदाचं. धर्माचं मी बघून घेईन."

"त्यांनी प्रार्थना मागितलेली नाही, ताई. इथे बसून त्यांच्या परस्पर मी करत नाही." मग म्हणाले, "पण पाण्यात तर तुम्ही होतात. तुमच्यासाठी करू?"

मी तोंड उघडलं ते 'मला काय धाड भरलीये' म्हणायला, आणि बाहेर पडलं भलतंच. माळ्यावर पाणी पायाला लागलं तेव्हा मी ह्यांना हाका मारल्या होत्या. कारखान्यात ऐकू जाणार नाहीत हे ठाऊक असून, घसा बसेपर्यंत. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. बाई गं, किती रडले मी! प्रार्थना दोनच ओळींची झाली. डोळे मी उघडेच ठेवले. संशय म्हणून नव्हे, मिटले की पाणी दिसायचं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ह्यांना मी कारखान्याच्या गेटपर्यंत सोडून आले. आता हे कसल्याही आभाळात जातात. सर नगरकडे आपल्या गावी परतले. खोलीत नव्या बाई आल्यात, चांगल्या आहेत म्हणे, पण त्यांच्यावर संशय घ्यायलाही मन होत नाही.

हाकांचं मात्र ह्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर हे पुन्हा उंबऱ्यात बसतील. हे डबा घेऊन निघाले की मी "सावकाश जा" म्हणते आणि वळणापर्यंत बघत राहते. सर असते तर एकदा विचारलं असतं, हे कसं सांगायचं ते.