सात म्हात्रे आणि एक माईक

चार समालोचक एकत्र बसले की सामने राहतात बाजूला आणि फजित्याच बाहेर पडतात. माझ्याकडे तर त्या इतक्या साचल्यात की बायको म्हणते, "पाहुण्यांना आधी चहा तरी पिऊ द्या!"

रेडिओवर कबड्डीचं धावतं वर्णन करायला मिळालं, तेव्हा मी रोह्याच्या एका कंपनीत कायम होतो. सरळ नोकरी सोडली. वरसे गावातल्या घरी बाबा भडकले. "शिफ्ट सोडून तोंडाची मजुरी करनार तू? बोलायचे पैसे देतंय काय कोन?" तेव्हापासून माझा आवाज आला की ते रेडिओ बंद करून अंगणात जायचे. मला ते फार लागायचं. त्यांनी एकदा, फक्त एकदा ऐकावं, एवढंच हवं होतं.

पहिलाच सामना पेणला. चढाईचा गडी "कबड्डी, कबड्डी" करत दम धरून आत शिरला आणि मी इतका रंगलो की मीही श्वास रोखून बसलो! रेडिओवर चिडीचूप. हेडफोनमधून आमचे केंद्रावरचे साहेब ओरडले, "अहो, दम त्याला धरायचाय, तुम्हाला नाही!"

मग जोहे गावचा संघ आला. साहेबांचा नियम असा की फक्त आडनाव घ्यायचं. आणि इथे सातच्या सात गडी म्हात्रे! समोरच्या संघातही दोन म्हात्रे. "म्हात्रेंची चढाई... म्हात्रेंनी म्हात्रेंना गाठलं... म्हात्रे बाद!" साहेब वैतागले. "अहो, नावं घ्या, नावं!" घेतली. तर जोह्याचे चौघे गणेश! गणपती घडवणारं गाव, दुसरं काय होणार?

रोह्याच्या मैदानावर लोक सामना डोळ्यांनी बघायचे आणि ट्रान्झिस्टर मोठ्याने लावायचे, पार खेळाडूंनाही ऐकू जाईल इतके. मी आपला बोलून गेलो, "अष्टमी गावचा उजवा कोपरारक्षक लंगडतोय." पुढच्याच चढाईत समोरचा गडी थेट त्याच्यावर तुटून पडला! मध्यंतराला अष्टमीचे कप्तान मुश्ताकभाई माझ्या टेबलाशी आले.

"भाऊ, आमी सात जनांशी खेळायला आलोय. तुमी आठवे कशाला?"

उत्तरार्धात त्यांनी डाव्या कोपऱ्यातल्या धडधाकट गड्याला मुद्दाम लंगडायला लावलं. मी तेही इमानेइतबारे सांगितलं. समोरचे तीन गडी त्याच कोपऱ्यात पकडले गेले!

आणि पेणचा तो अंतिम सामना. बरोबरीत आलेला, शेवटच्या चढाईवर लटकलेला. इतका छान मी आयुष्यात बोललो नव्हतो. घसा पार बसला. माईक ठेवून साहेबांना फोन लावला, तर ते म्हणाले,

"अहो, तुमची लाईन सुरुवातीलाच तुटली. आम्ही शेवटपर्यंत बासरी लावली होती."

म्हणजे मी टेबलाला सामना सांगितला होता! रडवेला होऊन घरी आलो. बघतो तर ओटीवर बाबा, आणि मांडीवर रेडिओ, चालू!

मी काही बोलायच्या आत त्यांनी आत आईला हाक मारली. "गो, पोराला पानी दे. घसा बसला असंल." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐकला मी. सगळा सामना ऐकला. झकास बोललास. एक शब्द सोडला नाय मी."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. बाबांनी रेडिओ बंद केला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं,

"जिंकला कोन?"