न खेळलेल्या डावाचे छायाचित्र

माझ्या नातीला बॅडमिंटन खेळता येत नाही. हे आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडले त्यात रॅकेट होती, जाळी होती, मैदान होते, पायांत खेळाडूचे बूटही होते. नव्हता तो केवळ खेळ.

कोण्या जपानी चित्रमालिकेत एक बॅडमिंटनपटू मुलगी आहे. तिचा वेष हुबेहूब धारण करायचा, तिच्यासारखे उभे राहायचे आणि छायाचित्र काढून घ्यायचे, याला ही मुले कॉस्प्ले म्हणतात. त्याच्या स्पर्धाही भरतात. अशाच एका स्पर्धेसाठी नातीने सारा हिवाळा शिवणयंत्रापाशी काढला. कापड सीताबर्डीच्या बाजारातून आणले, तीनदा उसवले, तीनदा शिवले. प्रवेशिकेसोबत उडी मारतानाचे एक छायाचित्र हवे होते, तेही मावळतीच्या प्रकाशातले. मुदत ज्या रविवारी संपत होती, त्याच रविवारी हे छायाचित्रण ठरले.

त्याआधीच्या मसलती आमच्याच बैठकीत झाल्या. नात, तिची खापा गावची मैत्रीण आणि छायाचित्रकार म्हणवणारा एक तरुण, असे तिघे बसत. मोजे शुभ्र असावेत की किंचित पिवळसर, यावर एक अख्खी संध्याकाळ खर्ची पडली. इतक्या सूक्ष्म विचाराने आम्ही कधी शास्त्रवचनांचे अर्थही लावले नाहीत. न राहवून मी विचारले, “दोन-चार दिवस प्रत्यक्ष खेळून का पाहत नाही? हात कसा उचलला जातो ते तरी कळेल.”

“खेळायचं कुठं आहे, आबाजी?” तो तरुण म्हणाला. “दिसलं पाहिजे फक्त.”

“आबा, रॅकेट पुठ्ठ्याची आहे,” नात हळूच म्हणाली. “खेळली तर मोडेल.”

मैदान मिळाले ते माझ्यामुळे. ज्या शाळेत मी आयुष्यभर संस्कृत शिकवले, तिच्या आजच्या मुख्याध्यापिका माझ्या विद्यार्थिनी. त्यांनी एकच अट घातली : फाटकाला कुलूप लागेपर्यंत सरांनी तिथे थांबावे. मी सायंसंध्या कधी चुकवलेली नाही, आणि ती सूर्य दिसत असतानाच करावी असा माझा नेम आहे. पण मुले म्हणाली, चारला सुरू करू, लवकर आटोपेल. तरीही सावधगिरी म्हणून पळी-पंचपात्र पिशवीत घेतले आणि गेलो.

चारला येणारी मुले उन्हे कलल्यावर आली. निळ्या केसांचा टोप डोक्यावर बसत नव्हता म्हणे. चैत्रातला दिवस. नातीच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मैत्रिणीने तो घाम कागदी रुमालाने टिपून टिपून काढला, रंग फासला, आणि नंतर एका फवाऱ्याच्या बाटलीने त्याच कपाळावर पाण्याचे थेंब उडवले.

“हे काय?” मी विचारले.

“घाम, आबाजी,” ती म्हणाली. “खेळून राहिली ना ते.”

“आणि तो पुसला, तो?”

“तो खरा होता. फोटोत चांगला नाही दिसत तो.”

आमच्या नाट्याचार्यांनी स्वेद हा सात्त्विक भाव मानला आहे. तो मनाच्या एकाग्रतेतून अंगावर उमटतो. बळे आणता येत नाही. त्या आचार्यांना बाटलीची कल्पना नव्हती, एवढेच म्हणतो.

उडीची तऱ्हा त्याहून न्यारी. वर्गातले एक स्टूल आणून त्यावर नातीला एका पायावर उभे केले. स्टूल मागाहून चित्रातून पुसायचे होते. बॅडमिंटनचे फूल नायलॉनच्या दोऱ्याने एका बांबूला टांगले आणि बांबू मैत्रिणीच्या हाती दिला. वारा आला की फूल झुले आणि सारे स्तब्ध होत. जगात बहुधा हाच एक डाव असेल, ज्यात फूल हलले की खेळ थांबतो. छायाचित्रकार महाशय धुळीत पालथे पडले होते आणि तेथून “वा, भारी येऊन राहिला” असे स्वतःच स्वतःला सांगत होते.

मग त्यांच्या ध्यानात आले की सूर्य नातीच्या पाठीमागे आहे आणि तोंड काळे येते आहे. समोरून प्रकाश परतवणारा एक चंदेरी पडदा होता, पण तो धरायला यायचा मित्र आलाच नव्हता. इतक्या दिवसांच्या मसलतींत मोज्यांचा रंग ठरला होता, सूर्य कोणत्या दिशेला मावळतो हे कोणी पाहिले नव्हते.

“आबाजी, धरता का जरा? दोनच मिनिटं.”

मी पश्चिमेकडे पाहिले. सूर्य शाळेच्या कौलांपासून हातभर वर होता. पिशवी उचलून मी नळाकडे निघालोही होतो.

“त्यांना नको सांगू,” नात स्टुलावरून म्हणाली. “त्यांची संध्येची वेळ आहे. येईल तसा काढ.”

“तोंडच नाही दिसणार, तर पाठवशील काय?” तो धुळीतूनच म्हणाला.

एका पायावर, हात उंचावून, ती तशीच उभी राहिली. तिची पोटरी थरथरत होती आणि ते थरथरणे तरी कोणी शिकवलेले नव्हते. मी पिशवी खाली ठेवली आणि पडदा घेतला.

दोन मिनिटे कशी असतात हे मला त्या दिवशी कळले. “थोडं डावीकडे, आबाजी. वर. अजून वर. हलू नका.” मी पश्चिमेकडे तोंड करून उभा होतो, सूर्य डोळ्यांसमोर खाली जात होता आणि माझे दोन्ही हात त्या चकचकीत कापडात गुंतले होते. कोणी म्हणेल, हीच खरी संध्या. असे म्हणणारे लोक बहुधा संध्या करीत नाहीत. पायांत वहाणा, चित्त एका पालथ्या पडलेल्या माणसाच्या हुकमात. त्याला जप म्हणण्याइतका मी स्वतःशी अप्रामाणिक नाही.

पडद्यावरचा उजेड नातीच्या मुखावर पडला, तेव्हा मात्र ती त्या टांगलेल्या फुलाकडे अशी पाहत होती, जणू ते आता खरोखरच खाली येणार आहे. ते चित्र निघाले. लगोलग सूर्य कौलांखाली गेला.

मुलांनी आवराआवर करीपर्यंत चांदण्या दिसू लागल्या. नात टोप हातात घेऊन माझ्यापाशी आली. तिचे स्वतःचे केस घामाने डोक्याला चिकटले होते.

“आबा, वेळ गेली ना तुमची?”

“गेली.”

काही बिघडत नाही, असे मी म्हटले नाही, कारण बिघडते. मग तिने पिशवीतून पंचपात्र काढले, ते नळावर धुतले आणि भरून माझ्यापुढे ठेवले.

मी आचमन करून अर्घ्ये दिली. खाप्याची मैत्रीण बांबूला टेकून मोजत होती.

“तीन द्यायचे असतात ना वं?” तिने नातीला विचारले. “आमच्या शेजारचे बुवा तीनच देतात. आबाजी काहून चौथा देऊन राहिले?”

“उशीर झाला की एक जास्त देतात,” नात म्हणाली. “प्रायश्चित्त असतं ते.”

“मंग फोटोवाल्यालेच लाव ना द्यायले.”

चौथ्या अर्घ्याच्या संकल्पात काळ टळल्याचा दोष उच्चारावा लागतो. तो का टळला, हे सांगावे लागत नाही. सांगावे लागले असते, तर त्या मुलांनी दुपारपासून नेमके काय केले याला संस्कृतात शब्द शोधत मी तिथेच बसलो असतो आणि फाटकाला कुलूप लागले नसते.